उतार

भूल चढताना माणूस सभ्य असतो.
दहापासून उलटे आकडे मोजतो, सातपर्यंत,
डॉक्टरला थँक यू म्हणतो आणि जातो.
उतरताना कोण उतरेल, सांगता येत नाही.

मंगळवारी दुपारी, हलच्या हॉस्पिटलात, रिकव्हरीतल्या चार नंबरवर
मिस्टर ब्लँशर्ड उतरले ते थेट डेकवर.
वय एकोणऐंशी. प्रॉस्टेटचं ऑपरेशन.
सकाळी कवळी डबीत ठेवताना
तोंडावर हात धरून म्हणाले होते,
"तुला त्रास नाही हं देणार, पोरी."

आता मास्क भिरकावला.
सलाईनच्या नळीला हिसका, लघवीच्या नळीला हिसका,
एक पाय कठड्याबाहेर.
"फोडा!" ओरडले, "फोडा रे बर्फ, पालथी होतेय!"

मला पाठ आहे काय करायचं ते.
ऑक्सिजन बघ. दुखतंय का बघ. मूत्राशय तुंबलंय का बघ.
दाबून धरू नकोस. नावाने हाक मार.
सांग, ऑपरेशन झालं, तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, सगळं ठीक आहे.
सांगितलं. सात वेळा सांगितलं.
बुडत्या बोटीवर सांगायचं वाक्य नव्हे ते.

ऑक्सिजन सत्त्याण्णव.
डोळे उघडे, फिकट निळे, पण त्यांत मी नव्हते.
त्यांत कुणी पोरगा होता, हातपाय गारठलेला:
"टेरी, कुऱ्हाड घे! उभा काय राहिलास!"

डॉक्टर फोलारिन सिरिंज भरत होती.
आणि मी, सुवार्ता साळवे, मिरजेची,
जिने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विमानाच्या खिडकीतून,
मी स्टीलचा ट्रे उचलला
आणि बेडच्या कठड्यावरचा बर्फ फोडायला लागले.
टण.
टण.
बर्फ मला दिसत नव्हता. कठडा गार होता, तेवढं पुरलं.
"खालून!" म्हणाले. खालून फोडला.
"दोरावरचा!" सलाईनच्या नळीवरचाही झटकला, हलकेच.
पाच नंबरची बाई अर्धवट गुंगीत म्हणाली,
"कुणी दार ठोकतंय का?"
डॉक्टर सिरिंज हातात धरून बघत राहिली.

मग ते म्हणाले, "बास. उठतेय ती."
पाय आत घेतला. माझं मनगट सोडलं.
त्यांनी ते धरलं होतं, हे सोडल्यावर कळलं.

चार वाजता चहा, कवळी, चष्मा.
"काही बडबडलो तर नाही ना?"
नाही, म्हटलं. गाढ झोपला होतात.
"टेरीबद्दल?"
कोण टेरी?
"कुणी नाही," म्हणाले,
आणि साखर न घातलेला चहा बराच वेळ ढवळत बसले.

दोन वर्षांपूर्वी माझं पित्ताशय काढलं, इथेच.
उशाशी मॉरीन होती.
भांडत होतीस, ती सांगते, रडत होतीस,
ट्रॉलीवरून उतरू बघत होतीस,
पण तुमच्या भाषेत गं. मला काय कळणार?
एकच शब्द सारखा. मोझे, मोझे.

मोजे? पाय गारठले असतील.
मोज? काय मोजायचं राहिलं होतं, आणि कुणी?
की माझे?
मॉरीनच्या तोंडी आचा ओ होतो कधीकधी,
आणि दोन वर्षं म्हणजे तिच्याही आठवणीला गंज.

हेसल रोडवरून बस जाते.
बाहीखाली मनगट ठणकतंय, चार बोटं नि एक अंगठा.
तिन्ही शब्द म्हणून बघते, हळू, एकेक करून.
शेजारचा पोरगा कानातलं काढून विचारतो, काय म्हणालात?
काही नाही.
आतून कुणीच ओ देत नाही.
स्टॉप येतो,
बेल वाजवायची राहून जाते.